आरा सैल असतो म्हणून तुटतो

प्रति,
माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत सायकलच्या देखभालीवर प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. साखळी, ब्रेक आणि टायरमधील हवा यांविषयी त्यात जे लिहिले आहे ते बरोबर आहे आणि सोप्या भाषेत मांडले आहे. चाकाविषयीच्या एका परिच्छेदात मात्र तीन सल्ले एकापाठोपाठ आले आहेत: आरे वारंवार तुटत असतील तर ते फार ताणले गेले आहेत असे समजून प्रत्येक निपल (आऱ्याचे टोक रिममध्ये आवळून धरणारा छोटा नट) अर्धा फेरा सैल करावे, चाक मजबूत हवे असेल तर जाड आरे घालावेत, आणि चाक बांधणे हे कारखान्याचे काम असल्याने घरी कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये. यांपैकी पहिला सल्ला पूर्णपणे उलटा आहे, दुसरा अर्धाच खरा आहे, आणि तिसरा चुकीचा आहे हे मी स्वतःच्या हातांनी अनुभवले आहे. पहिला सल्ला वाचून कोणी खरोखरच पान्हा हातात घेतला असेल, या काळजीने हे पत्र लिहीत आहे.

मी मेकॅनिक नाही. अनेक वर्षे गणित शिकवत होते आणि सायकल चालवत होते, एवढाच माझा या विषयाशी संबंध. घरच्या आणि ओळखीच्यांच्या सायकलींसाठी मी आतापर्यंत अकरा चाके बांधली. त्यांतली दहा आजही रस्त्यावर आहेत. अकरावे का गेले, ते पुढे येईलच, कारण ते नेमके आपल्या लेखातल्या सल्ल्याप्रमाणे बांधलेले होते.

प्रथम चाक भार कसा पेलते ते पाहू. गाडीच्या लाकडी चाकात तुंबा खालच्या आऱ्यावर अक्षरशः उभा असतो. वरचा भार त्या आऱ्याला दाबतो आणि आरा जाड असल्यामुळे तो दाब सोसतो. सायकलचा आरा ही मात्र दोन मिलिमीटर जाडीची पोलादी तार असते. तिला दोन्ही टोकांनी दाबले तर ती लगेच वाकेल. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून चाक बांधतानाच प्रत्येक आरा भरपूर ताणून ठेवावा लागतो. चांगल्या बांधलेल्या चाकात एकेका आऱ्यावर सुमारे १०० किलो वजन टांगल्यासारखी ओढ असते. ३६ आऱ्यांची बेरीज ३,६०० किलो होते, आणि या ओढीने रिम चहूबाजूंनी आत खेचली जाऊन तिच्या आडव्या छेदावर साडेपाचशे किलोंहून अधिक दाब निर्माण होतो. भिंतीला टेकवून ठेवलेल्या, कोणीही न बसलेल्या सायकलच्या चाकात हे सगळे मुकाट्याने चाललेले असते.

आता त्या चाकावर ५० किलो भार आला असे समजा. वरचे आरे जास्त ताणले जातात आणि हब, म्हणजे सायकलच्या चाकाचा तुंबा, त्यांना लटकतो, असा बहुतेकांचा समज असतो, माझाही होता. प्रत्यक्षात जमिनीलगतच्या चार-पाच आऱ्यांचा ताण मिळून साधारण ५० किलोंनी कमी होतो, आणि बाकी सगळ्या आऱ्यांचा ताण अगदी किंचित बदलतो. ज्याला यावर विश्वास ठेवणे जड जाईल त्याने कोणाला तरी सायकलवर बसवावे, आणि बसण्यापूर्वी व बसल्यानंतर खालचा एक आरा आणि वरचा एक आरा बोटाने छेडून पाहावा. खालच्या आऱ्याचा स्वर स्पष्टपणे उतरतो, वरचा होता तसाच राहतो. म्हणजे चाकाची भार पेलण्याची क्षमता ही त्या खालच्या आऱ्यांकडे सैल होण्यासाठी किती ताण शिल्लक आहे, यावर अवलंबून असते. ताण शून्यावर आला की तो आरा कामातून गेला. त्यापुढचा भार शेजाऱ्यांवर जातो, आणि तेही सैल झाले तर रिमवर.

आऱ्याचे तुटणे येथूनच सुरू होते. सायकलच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर असतो, म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाक सुमारे ४७५ वेळा फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक आरा एकदा सैल होऊन पुन्हा ताणला जातो. हजार किलोमीटरमध्ये हे पावणेपाच लाख वेळा घडते. दोन मिलिमीटरच्या पोलादी आऱ्याला सरळ ओढून तोडायचे तर १०० किलोंच्या दुपटीहून बरीच अधिक ओढ लागते, त्यामुळे रस्त्यावर तुटणारा आरा ओढीने तुटत नाही. तो थकून तुटतो, आणि बहुतेक वेळा हबमध्ये अडकणाऱ्या डोक्याजवळच्या वळणावरच तुटतो. आरा पुरेसा ताणलेला असेल तर ते वळण हबच्या भोकात घट्ट बसून राहते. तो प्रत्येक फेऱ्यात पूर्ण सैल होत असेल तर वळण भोकात हलते, दर वेळी थोडे वाकते, आणि लोखंडी तार मागेपुढे वाकवून तोडतात तसे होते, फक्त फार सावकाश. शिवाय सैल झालेल्या क्षणी निपलला धरून ठेवणारे काही उरत नाही. ते धक्क्यांनी आपोआप उलटे फिरते आणि सैल आरा आणखी सैल होतो.

आता लेखातल्या अर्ध्या फेऱ्याचा हिशोब करू. आऱ्यावर पाडलेल्या आट्यांचे प्रमाण एका इंचाला ५६ असते, म्हणजे निपलचा एक पूर्ण फेरा म्हणजे ०.४५ मिलिमीटर आणि अर्धा फेरा म्हणजे पाव मिलिमीटरहून थोडे कमी. हे किरकोळ वाटेल. पण १०० किलो ओढीखाली २८८ मिलिमीटर लांबीचा आरा मुळात ताणला जातो तोच जेमतेम ०.४५ मिलिमीटर! ताण कमी होताच रिमही थोडी फुगून येते आणि काही ताण परत देते. साध्या ॲल्युमिनियमच्या रिमसाठी तेही हिशोबात धरले तरी सगळी निपले अर्धा फेरा सोडल्यावर प्रत्येक आऱ्याचे सुमारे ३० ते ३५ किलो जातात. ज्याच्या चाकात १०० किलो ताण होता त्याच्याकडे दोन तृतीयांश उरेल आणि तो कदाचित निभावून नेईल. पण ज्याचे आरे वारंवार तुटतात त्याच्या चाकात बहुधा मुळातच ५०-६० किलो असतात, आणि त्याच्याकडे २०-२५ उरतील. पहिल्याच खड्ड्यात खालचे आरे शून्यावर येतील. हा सल्ला ज्याच्यासाठी लिहिला आहे त्यालाच तो सर्वांत जास्त नडणारा आहे.

माझे अकरावे चाक असेच गेले. बांधण्याच्या क्रमाने ते दुसरे. पहिले चाक बांधताना पान्ह्याने दोन निपलांचे कोपरे गोल झाले होते, त्या धास्तीने दुसऱ्या वेळी मी हात आखडता घेतला. चाक दिसायला इतके सरळ झाले होते की मी ते घरातल्या सगळ्यांना फिरवून दाखवले. मागचे चाक होते. दोन महिन्यांत डाव्या बाजूचा एक आरा तुटला. मी तो बदलला आणि, ताण जास्त झाला असावा अशा समजुतीने, शेजारचे चार किंचित सोडले. त्यानंतर दर पंधरा-वीस दिवसांनी एक याप्रमाणे डावीकडचे आणखी चार आरे गेले. उजवीकडचा, म्हणजे साखळीच्या बाजूचा, एकही गेला नाही, आणि ताण तर त्याच बाजूला जास्त होता. त्या एका गोष्टीने माझे डोळे उघडायला हवे होते. प्रत्यक्षात ते उघडायला पाचवा आरा लागला.

ताणाला वरची मर्यादा नाही, असे मी म्हणत नाही. ती आहे, पण आऱ्याची नव्हे, रिमची. मर्यादेपलीकडे ताणलेल्या चाकात रिमला निपलच्या भोकांभोवती बारीक भेगा पडू लागतात, किंवा एखाद्या आडव्या धक्क्याने सबंध रिम एकदम पिळवटून खोगिरासारखी वाकते. म्हणून रिमच्या उत्पादकाने कमाल ताण दिला असेल तर तो पाळावा. तो आकडा बहुधा १०० ते १२० किलोंच्या आसपास असतो, आणि नवशिक्याचा हात भीतीपोटी त्याच्या पुष्कळच अलीकडे थांबतो.

जाड आऱ्यांविषयी थोडक्यात. आरा तुटतो वळणापाशी, त्यामुळे तेथे जाडी उपयोगी पडते हे खरे, आणि जड ओझ्याच्या सायकलींसाठी वळणापाशी २.३ मिलिमीटर असलेले आरे मिळतात तेही याच कारणासाठी. पण मधला भाग जाड ठेवून काहीच साधत नाही. दोन्ही टोकांना दोन मिलिमीटर आणि मध्ये दीड मिलिमीटर असा आरा तेवढ्याच ओढीखाली सुमारे पाऊण मिलिमीटर ताणला जातो. तो अधिक लवचिक असल्यामुळे रिम तेवढीच दबली तरी त्याचा ताण कमी उतरतो, धक्का शेजारच्या आऱ्यांमध्ये अधिक वाटला जातो, आणि वळणाला सोसावी लागणारी चढउतार घटते. मध्ये बारीक केलेले आरे महाग असतात ते केवळ वजन वाचवण्यासाठी, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

तिसरा मुद्दा घरी चाक बांधण्याचा. ताणलेल्या तारांचे चाक ही कल्पना कारखान्यांच्या साखळीतून आलेली नाही. जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये आपल्या उडणाऱ्या यंत्रासाठी हलके चाक हवे म्हणून ती मांडली. पॅरिसच्या यूजेन मेयर यांनी १८६९ मध्ये तारांच्या आऱ्यांच्या चाकाचे पेटंट घेतले. आणि कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये हबच्या मध्यातून सरळ बाहेर न जाता हबला स्पर्श करून तिरके जाणारे आरे पेटंट केले. ही तिरकी रचना आजही तशीच आहे, कारण पायडलचा जोर हबमधून रिमपर्यंत पोहोचवायचा तर कोणत्या तरी आऱ्याने रिमला पुढे ओढले पाहिजे. सरळ आऱ्याला ते जमत नाही, हब आधी थोडा फिरल्याशिवाय. हबवरच्या डिस्क ब्रेकलाही हेच लागू आहे. दीडशे वर्षांत धातू सुधारले, पण बांधण्याच्या कृतीत असे काहीही आलेले नाही जे स्वयंपाकघराच्या टेबलावर होऊ शकत नाही.

खरी अडचण हातांच्या कौशल्याची नसून मापाची आहे. आऱ्याची लांबी दोन मिलिमीटर चुकली तर एक तर आटे संपतात किंवा आऱ्याचे टोक निपलबाहेर येऊन ट्यूबला टोचते. लांबीसाठी चार मापे लागतात: रिमचा परिणामी व्यास, म्हणजे समोरासमोरच्या दोन निपलांच्या खाचांच्या तळांमधले अंतर, हबच्या फ्लँजवरील (आरे अडकतात त्या बाजूच्या चकतीवरील) भोकांच्या वर्तुळाचा व्यास, हबच्या मध्यापासून फ्लँजपर्यंतचे अंतर, आणि फ्लँजवरच्या भोकाचा व्यास. यांतले पहिले माप रिमवर छापलेल्या आकड्यावरून कधीही घेऊ नये. रिमवर ६२२ लिहिलेले असते ते टायरची कड बसते तेथील व्यासाचे. निपल बसते ती जागा त्याहून आत असते आणि प्रत्येक रिममध्ये वेगळी असते. इंचांतली नावे तर आणखी फसवी आहेत, कारण २६ इंची म्हणून ओळखली जाणारी चाके ५५९ मिलिमीटरचीही असतात आणि ५९० चीही. मी मोजते ते असे: दोन जुने आरे बरोबर २०० मिलिमीटर लांबीचे कापून घ्यायचे, त्यांवर निपले आऱ्याचे टोक खाचेच्या तळाशी येईपर्यंत फिरवायची, ती समोरासमोरच्या भोकांत घालून आरे आतल्या बाजूने ताठ ओढायचे, दोन टोकांमधले अंतर पट्टीने मोजून त्यात ४०० मिळवायचे. हेच रिमच्या तीन-चार जागी करून सरासरी घ्यायची.

पुढचे गणित शाळेतल्या त्रिकोणमितीपलीकडे जात नाही. रिमच्या परिणामी व्यासाच्या निम्म्याचा वर्ग, भोकांच्या वर्तुळाच्या त्रिज्येचा वर्ग आणि मध्यापासून फ्लँजपर्यंतच्या अंतराचा वर्ग यांची बेरीज करावी, तीतून दोन्ही त्रिज्यांचा दुप्पट गुणाकार गुणिले आऱ्याच्या तिरकेपणाच्या कोनाचा कोसाइन वजा करावा, वर्गमूळ काढावे, आणि शेवटी भोकाचा निम्मा व्यास वजा करावा. ३६ आऱ्यांच्या चाकात प्रत्येक आरा आपल्या बाजूच्या तीन आऱ्यांना ओलांडत असेल तर तो कोन नेमका ६० अंशांचा येतो, त्याचा कोसाइन अर्धा, आणि मग वजा करायचा भाग म्हणजे दोन त्रिज्यांचा नुसता गुणाकार उरतो. उदाहरणार्थ, त्रिज्या ३०१ आणि २९ मिलिमीटर, फ्लँजचे अंतर ३४ आणि भोक २.६ मिलिमीटर असेल तर ९०,६०१, ८४१ आणि १,१५६ यांची बेरीज करून तीतून ८,७२९ वजा केल्यावर ८३,८६९ उरतात; वर्गमूळ २८९.६, त्यातून १.३ गेले की २८८.३. म्हणजे २८८ मिलिमीटरचे आरे घ्यावेत. मागच्या चाकात दोन्ही फ्लँजांची अंतरे वेगळी असल्याने हे गणित दोनदा करावे लागते, आणि उजवीकडचा आरा बहुधा एक-दोन मिलिमीटर आखूड निघतो.

आरे गुंफणे हे पाहायला सर्वांत अवघड आणि करायला सर्वांत सोपे काम आहे. ३६ आरे नऊ-नऊच्या चार गटांत जातात. उजव्या फ्लँजच्या एकाआड एक भोकांत डोकी बाहेर राहतील असे नऊ आरे घालून पहिला आरा व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी, आणि नंतरचा प्रत्येक आरा रिमवर तीन भोके सोडून चौथ्यात बसवायचा. मग डाव्या फ्लँजचे नऊ तसेच, प्रत्येकी आपापल्या उजव्या सोबत्याशेजारी. दोन फ्लँजांची भोके समोरासमोर नसून अर्ध्या घराने सरकलेली असतात, ही गोष्ट येथे विसरली तर पुढचे सगळे बिघडते. त्यानंतर हब हाताने पिळून आरे तिरके करायचे आणि उरलेले दोन गट उलट्या दिशेने, दोन आऱ्यांच्या वरून आणि तिसऱ्याच्या खालून काढायचे. हब कोणत्या दिशेने पिळायचा याचा एकच निकष आहे: व्हॉल्व्हच्या दोन बाजूंचे आरे वर जाऊन त्याच्यावर एकमेकांना छेदता कामा नयेत. माझ्या पहिल्या चाकात ते छेदले. चाक उत्तम झाले होते, पण पंपाचे तोंड आत शिरेना, आणि हवा भरता येत नसेल तर चाकाच्या उत्तमपणाला काय करायचे? सगळे उलगडून पुन्हा गुंफले.

ताण देण्यापूर्वी आट्यांना तेलाचे किंवा ग्रीसचे बोट लावावे. टायरच्या बाजूने पेचकसाने पाहता निपल घड्याळाच्या दिशेने फिरवले की ताण वाढतो. पण हबच्या बाजूने पाहत पान्हा चालवताना तीच दिशा उलटी दिसते, आणि नवशिक्याच्या निम्म्या चुका एवढ्यातच असतात. प्रथम सगळी निपले सारख्या आट्यांपर्यंत आणावीत, मग व्हॉल्व्हपासून निघून व्हॉल्व्हपाशी परत येईपर्यंत प्रत्येकाला अर्धा-अर्धा फेरा देत चाक थोडे ताठ करावे. तेथून पुढे आऊट, म्हणजे फिरताना दिसणारा रिमचा वाकडेपणा, काढण्याचे काम. त्यासाठी चाक अडकवण्याच्या खास स्टँडची गरज नाही: सायकल उलटी ठेवून चिमट्याच्या (फोर्कच्या) पायाला प्लॅस्टिकची पट्टी बांधली आणि तिचे टोक रिमच्या जवळ आणले की चाक कोठे घासते ते दिसते आणि ऐकूही येते. रिम डावीकडे गेली असेल तर त्या जागी उजवीकडचे आरे पाव फेरा कसावेत आणि डावीकडचे तेवढेच सोडावेत. उंचवटा असेल तर तेथले डावे-उजवे आरे जोडीने कसावेत. रिमच्या सांध्यापाशी किंचित उंचवटा मुळातलाच असू शकतो. त्याच्या मागे लागून शेजारच्या आऱ्यांचा ताण बिघडवू नये. आडवा आऊट अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला की थांबण्यास हरकत नाही. ज्यांना त्याहून बारीक हवे असते त्यांचा हेवा वाटतो, पण त्यांच्याकडे वेळ असतो.

रिम मध्यावर आहे की नाही हे पाहण्यासाठी चाक काढून उलटे बसवावे. उलटे बसवल्यावर रिम दोन मिलिमीटर सरकलेली दिसली तर खरी चूक एक मिलिमीटरची असते. मागच्या चाकात रिम मध्यावर आणण्यासाठी उजव्या बाजूचे आरे अधिक ताणावे लागतात, कारण गिअरच्या चक्रांना जागा देण्यासाठी ती फ्लँज आत सरकलेली असते. परिणामी डाव्या बाजूचा ताण उजवीच्या निम्म्याच्या थोडाच वर राहतो. अशा चाकात उजवी बाजू पुरेशी कसली नाही तर डावीकडे जवळजवळ काहीच उरत नाही. माझ्या पाच तुटलेल्या आऱ्यांचे कारण हे होते.

ताण मोजण्याचे यंत्र मिळते, पण कानही बराच उपयोगी पडतो. तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे आऱ्याचा स्वरही ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात चढतो. एकाच बाजूचे दोन आरे छेडल्यावर एकात षड्ज आणि दुसऱ्यात कोमल रिषभ ऐकू आला तर त्यांच्या ताणात सुमारे १२ टक्क्यांचा फरक आहे, असे खुशाल समजावे. एका बाजूचे सगळे आरे एवढ्या फरकाच्या आत आले की चाक समतोल झाले. अर्थात कानाला फक्त तुलना कळते. एकंदर ताण पुरेसा आहे का, हे समजण्यासाठी चांगल्या चाललेल्या, त्याच मापाच्या चाकाशेजारी उभे राहून दोन्ही छेडून पाहावीत.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही अशी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ताण पूर्ण झाल्यावर जवळजवळ समांतर जाणारे दोन-दोन आरे हातमोजा घालून मुठीत धरावेत आणि जोराने एकमेकांकडे दाबावेत. चाकाच्या दोन्ही बाजूंनी, सगळ्या जोड्यांना. आरा तयार होताना आणि बसवताना वळणावर जो अंतर्गत ताण साठून राहतो तो या क्षणिक जादा ओढीने धातू किंचित सरकून निवतो, आणि आऱ्याचे आयुष्य लांबते. दाबल्यावर चाकाचा आऊट थोडा परत येईल. तो पुन्हा काढावा आणि पुन्हा दाबावे. बारीक आऱ्यांच्या बाबतीत निपलबरोबर आराही पिळला जातो, म्हणून पाव फेरा हवा असेल तर थोडे पुढे नेऊन मागे आणावे. पहिल्या फेरफटक्यात चाकातून टिणटिण आवाज आले तर तो पीळ उलगडतो आहे असे समजावे. यंत्राने बांधलेली तयार चाके अनेकदा कमी ताणाची आणि या दाबण्याच्या संस्काराशिवाय येतात. म्हणून ज्याला चाक बांधायचे नाही त्यानेही नवे चाक घेतल्यावर एवढे तरी घरी करावे.

अनुभवी कारागीर हे सगळे तासाभरात करतो. मला आजही अख्खा दिवस लागतो. त्याच्या हाताच्या वेगाशी माझी बरोबरी नाही आणि लेखकाला त्याच्याकडे जा असे म्हणायचे असेल तर माझी तक्रारही नाही. कार्बनच्या रिमला मी स्वतः हात लावत नाही, कारण तिथली चूक दिसण्याआधीच महागात पडते. पहिले चाक पुढचे बांधावे, कारण रिमवरच्या ब्रेकच्या सायकलीत ते दोन्ही बाजूंनी सारखे असते. मात्र पुढचे चाक बिघडले तर पडणे अटळ असल्याने पहिले ५० किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर, सावकाश चालवून मग ताण आणि आऊट पुन्हा तपासावा.

राहता राहिले ते वाचक, ज्यांनी आपला लेख वाचून निपले अर्धा फेरा सोडली असतील. त्यांनी टायरमधली हवा काढावी, व्हॉल्व्हपासून सुरुवात करून प्रत्येक निपलला अर्धा फेरा परत द्यावा, कोणतेही निपल चुकू नये म्हणून पहिल्या आऱ्याला चिकटपट्टी लावावी, आणि मग आऊट पाहावा. आरे आधीपासून तुटत असतील तर त्यावर आणखी पाव फेरा देऊन, जोड्या दाबून, पुन्हा छेडून पाहावे. आपण ही दुरुस्ती पुढच्या पुरवणीत त्याच जागी छापावी, एवढी विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक